जहाजावरचा शेवटचा दिवस आणि माझे सासरे

माझ्या सासऱ्यांनी जहाजावरचा शेवटचा दिवस जसा उपभोगला, तसा हिंदी महासागरावर दुसऱ्या कुणी उपभोगला असेल असं मला वाटत नाही. त्या पाण्यावरून राजेरजवाडे गेले असतील, लाटसाहेब गेले असतील. पण त्यांना जहाजाची सवय असणार, आणि सवयीचा माणूस शेवटच्या दिवशी सामान बांधत बसतो. माझे सासरे बालाघाटकडच्या वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. वैनगंगेवरची नाव सोडली तर आफ्रिकेला येईपर्यंत पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही वाहनाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. उंचीने बेताचे, मिशा भरघोस, धोतर, काळा कोट, टोपी, आणि कोटाच्या खिशात कायम तेलकट फडकं. कुठलीही बिघडलेली वस्तू दिसली की ते आधी तिला कान लावत. घड्याळ, पंप, शिवणाचं मशीन, सगळ्यांना. एकदा आमच्या लग्नात बँडवाल्याचा ढोल नीट वाजेना, तेव्हा व्याह्यांच्या भेटीचा कार्यक्रम थांबवून ते ढोलाला कान लावून उभे राहिले होते.

साठच्या दशकाच्या शेवटाला मी मोंबासाला शाळामास्तर होतो. हिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, तेव्हा माहेरानेच मोंबासाला यावं असं ठरलं. सासूबाईंनी समुद्राचं नाव ऐकून, "मी नाई येत, तुमीच जा," असं सांगून टाकलं. त्यामुळे बाळंतपणाला सासरे आले. मिलमध्ये तीस वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती, ती सगळी एकदम घेतली. येताना एका वहीत सासूबाईंनी सांगितलेलं सगळं बाळंतपण लिहून आणलं होतं. 'डिंक फुलेपर्यंत तळणे, जळू न देणे', आणि मिलच्या सवयीप्रमाणे प्रत्येक पानाखाली स्वतःची सही. लाडू त्यांनी वळले, शेक त्यांनी दिला, मुलीला न्हाऊ घालायला शेजारची गुजराती बाई यायची तिला सूचनाही त्यांनीच दिल्या. मुलगी रडायला लागली की ते तिच्या पोटाला कान लावत आणि निदान करत, "गॅस भरून राह्यला. ओव्याचं पानी द्या." निदान नेहमी बरोबर निघे.

मुलगी पाच महिन्यांची झाली आणि माझा करार संपला. तो वाढवून मिळाला नाही. करारात परतीचा पहिल्या वर्गाचा प्रवास लिहिलेला होता, तेवढा मिळाला. सासऱ्यांचं तिकीट खालच्या वर्गाचं होतं, पण तिथल्या सगळ्या खाटा भरल्यामुळे त्यांना आमच्या शेजारचीच केबिन दिली गेली. कुणाची तरी चूक झाली आहे अशी त्यांची खात्री होती. पहिले दोन दिवस ते पलंगावर झोपलेच नाहीत. खाली सतरंजी टाकून झोपले. "उद्या चूक ध्यानात आली तं गादी जशीच्या तशी परत देता आली पायजे," म्हणाले. तिसऱ्या दिवशी वाढप्याने, तो गोव्याकडचा होता, हात जोडून सांगितलं की पलंग तुमचाच आहे, तेव्हा ते पलंगावर गेले आणि दुपारी जेवायलाच उठले.

मी मात्र सगळा प्रवास तोंड पाडून बसलो होतो. हातात नोकरी नाही, पाच महिन्यांची मुलगी, आणि देशात आपल्याला कोण विचारतं ही धास्ती. मुंबई एका दिवसावर आली. सकाळी पाहतो तर जहाजभर बांधाबांध चाललेली. सासऱ्यांनी ती आदल्या दिवशीच उरकली होती. मिलमध्ये पोत्याला मारतात तशा गाठी मारून त्यांनी तीन ट्रंका आणि दोन वळकट्या बांधल्या, आणि त्यात माझे बूटही गेले. मी त्या दिवशी पहिल्या वर्गाच्या डेकवर स्लिपर घालून हिंडलो. मी तक्रार केली तर म्हणाले, "बूट मुंबईत लागतेत, जवाईबापू. इथं कुठं चालाचं हाये? जहाजच चालून राह्यलं."

न्याहारीला त्यांनी छापील कार्ड मागवलं, मला वाचायला लावलं, आणि मांस-अंडं वगळून वरून खाली क्रमाने एकेक पदार्थ मागवला. प्रत्येकाबद्दल मत दिलं. लापशी बरी, मुरंबा कडू, पाव उत्तम. उकडलेल्या नाशपातीपाशी थांबून त्यांनी वाढप्याला विचारलं, "हे आजाऱ्यासाठी हाये का?" नाही म्हटल्यावर आणखी एक मागवली.

मग ते पोहायच्या तलावाकडे निघाले. तिथे गोरी मंडळी काठाला लांब खुर्च्यांवर पडून होती. सासऱ्यांनी काष्टा मारला, पाण्याला हात जोडले, आणि पायऱ्यांनी न उतरता काठावरूनच उडी घेतली. काठावरच्या दोन मडमा भिजल्या. सासऱ्यांनी वर येऊन तोंडातलं पाणी थुंकलं आणि मला ओरडून सांगितलं, "खारं हाये! याच्यात मानूस आपोआप तरंगते. याले पोहणं नाई म्हनत. या तुमी!" मी नको म्हणालो. ते म्हणाले, "जवाईबापू, रडाचं असन तं पान्यात येऊन रडा, कोनाले समजत नाई." हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की मराठी कुणाला येत नसूनही मला लाज वाटली आणि मी पाण्यात उतरलो. अर्ध्या तासाने मी हसत होतो. कशाला ते आता आठवत नाही.

दुपारी त्यांनी इंजिन पाहायचं काढलं. चढल्यापासून ते केबिनच्या भिंतीला कान लावून असत आणि कुठलंसं बेअरिंग गरम होतंय असं त्यांचं म्हणणं होतं. वाढप्याने वशिला लावला आणि चीफ इंजिनियरने, एका लालबुंद म्हाताऱ्या साहेबाने, त्यांना खाली नेलं. त्याला मराठी येत नव्हतं, यांना इंग्रजी येत नव्हतं. दोन तास दोघे बोलत होते. मी वरच्या जाळीवरून पाहत होतो. साहेब हात लावून दाखवी, सासरे कान लावून मान हलवत. शेवटी त्यांनी खिशातलं फडकं काढून एका पितळी दांड्यावरचा डाग पुसला आणि साहेबाशी हात मिळवला. वर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. मी विचारलं, बेअरिंग गरम आहे का. "नाई. माही चूक झाली. इंजिन बेस हाये," म्हणाले, आणि मग, "तेलाची वाफ लागली डोयाले."

चहाच्या वेळी मोठ्या हॉलमध्ये सोंगं घ्यायची स्पर्धा होती. आम्हाला ते माहीत नव्हतं. सासरे निरोपाचा चहा म्हणून धोतर, काळा कोट, टोपी, हातात छत्री अशा आपल्या रोजच्या पोशाखात गेले. तिथे एक मडम आली, त्यांच्याभोवती दोनदा फिरली, आणि त्यांना रांगेत उभं केलं. त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं, समुद्री डाकू झालेल्या एका लहान मुलाला गेलं. बक्षीस म्हणजे दाढीचा ब्रश आणि साबणाची डबी. नेमकं काय घडलं हे मी त्यांना हळूच समजावून सांगितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर हाये. त्या पोराची मेहनत जास्त व्हती."

संध्याकाळी हिने मुलीला मांडीवर घेतलं होतं, आम्ही तिघं डेकवर बसलो होतो. सूर्य पाण्याला टेकला होता. मी न राहवून म्हणालो, "मामाजी, उद्यापासून मी करू काय?"

"उद्या मुंबई. परवा गोंदिया. मंग छोटी गाडी. मंग घर. त्याच्यानंतर पाहू." जरा वेळाने म्हणाले, "उद्याचं काम आज काहून काढून बसता? तिकडं पाहा, सूर्य पान्यात बुडून राह्यला. बालाघाटले हे नाई दिसाचं."

आम्ही पाहिलं.

आम्ही सगळे वारासिवनीला त्यांच्या घरी उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी ते मिलच्या भोंग्याला डबा घेऊन बाहेर पडले, आणि मग रोजच. मी शाळाशाळांतून अर्ज टाकत फिरलो. दोन महिन्यांनी लालबर्र्याच्या शाळेत जागा मिळाली. कागद हातात पडला तसा मी ही बातमी आधी त्यांना सांगावी म्हणून थेट मिलवर गेलो. फाटकावरच्या चौकीदाराने मला ओळखलं नाही.

"मिस्त्रीजी? वो तो अफ्रीका से लौटकर काम पे आए ही नहीं," तो म्हणाला. "बिजली वाली नई मशीन लग गई ना. सेठ ने चिट्ठी भेजी थी वहीं के पते पे."

ती चिठ्ठी आलेली मला आठवली. मोंबासा सोडायच्या आदल्या आठवड्यात आली होती. मी विचारलं होतं, मिलचं काय म्हणतात? त्यांनी ती वाचून कोटात ठेवली होती आणि "खुशाली हाये," असं सांगितलं होतं.

ते बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सापडले. बाकावर बसले होते, शेजारी डबा. टपरीवाल्याच्या स्टोव्हला कान लावून झालं असावं, कारण स्टोव्ह सुरेख पेटला होता. मला पाहून ते सरकले आणि जागा केली. मी नोकरीचं सांगितलं. "मले ठाऊक व्हतं," म्हणाले, आणि दोन चहा सांगितले.

"मामाजी," मी म्हणालो, "मी मिलवर गेलतो."

कटंगीची बस आली, उतारू उतरले, बस गेली.

"जहाजावर का नाही सांगितलं?"

"सांगाचं व्हतं. त्या शेवटच्या दिवशी सकायपासून ठरवून राह्यलो व्हतो. पन तुमचं तोंड पाह्यलं. म्हटलं, एका घरात एका वेळी एकच बेकार पुरे."

मी एवढंच म्हणालो की सासूबाईंना मी सांगणार नाही.

"तिले?" ते म्हणाले. "तिले पयल्या दिवसापासून ठाऊक हाये. ना ती बोलली, ना मी. रोज सकायी डबा भरून देते." त्यांनी डबा उघडला, आत पाहिलं, आणि एक पोळी माझ्या हातावर ठेवली. भाजी वांग्याची होती. दोघांना पुरेल इतकी.