कसर न लागलेलं कार्ड

मालवणच्या बाजारात देवांच्या तसबिरींना फ्रेम करून देणारा एक म्हातारा बसायचा. त्याचं नाव विचारण्याइतका आमचा कधी सलोखाच झाला नाही.

मी शाळेत बास्केटबॉल शिकवायचो आणि जुन्या खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं जमवायचो. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने एकदा चाळीस वर्षांपूर्वीचं म्हणून एक कार्ड आणलं. ते भिंतीवर लावायचं म्हणून मी म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कार्ड नाकाशी नेऊन हुंगलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि शिळा बांगडा परत करावा तसं माझ्यापुढे धरलं.

"मास्तर, ह्यां नवां आसा. जुन्या कागदाक कसर लागता. ह्येका झुरळानय तोंड लावूक नाय."

"थेट अमेरिकेसून इलाहा!" मी ओरडलो.

"थंय झुरळां नाय?"

मी कार्ड हिसकावून घरी आणलं आणि बाकीच्या कार्डांबरोबर ट्रंकेत टाकलं. पावसाळा सरल्यावर ट्रंक उघडली, तर कसरीने माझ्या वीस वर्षांच्या संग्रहाची चाळण केलेली. मावसभावाचं कार्ड तेवढं चकचकीत होतं, कडा पांढऱ्याशुभ्र.

उरलं ते एकच, म्हणून मी पुन्हा म्हाताऱ्याकडे गेलो.

"सागाची फ्रेम घाला," मी नजर चुकवत म्हणालो.

त्याने कार्ड ओळखलं, पण हसला नाही.

"लाकूड नको, मास्तर," तो खिळे डब्यात परत टाकत म्हणाला. "प्लास्टिकची घालतंय. जोडी शोभात."