आईच्या वाट्याचा उपास

आई दर शुक्रवारी उपास धरायची. आमचा उपास म्हणजे साबुदाणा-भगरीचा नव्हे. सकाळपासून नुसतं पाणी, अन् संध्याकाळी प्रार्थना करून मग भाकरी. मला लहानपणापासून एकच कोडं होतं, उपाशी माणसाला ताकद येते कुठून? जेवायला जरा उशीर झाला तर मी घर डोक्यावर घेते, अन् ही बाई शुक्रवारी उलट जास्तच शांत असायची.

मग तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी उपास बंद सांगितला, पण ती ऐकते व्हय? शेवटी मीच म्हटलं, "तुझ्या वाट्याचा उपास मी धरते. तू वेळेवर जेव." असं चालतं का, हे मला ठाऊक नव्हतं. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारू म्हटलं तर आई म्हणाली, "त्यांना कशाला तरास? पण नुसतं पोट मारून भागायचं नाय. माझी प्रार्थनेची यादी पण तूच घ्यायची."

यादी एका जुन्या वहीत होती. नावं नाहीत, नुसत्या खुणा. खालच्या मजल्यावरचे गुडघे, चर्चच्या मंडळीतली परीक्षेला बसलेली पोरगी, असं काय काय. शेवटची ओळ होती, 'बिडकीनची'.

बिडकीनची म्हणजे माझी भावजय. गेल्या ईस्टरला सगळ्यांदेखत ती मला म्हणाली होती, "ताई, तुम्ही आईंना सांभाळता का आई तुम्हाला?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लग्न न करता गारखेड्याच्या दोन खोल्यांत आईपाशी राहिलेल्या बाईला हे किती लागतं, ते तिला काय कळणार? अन् लई लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

उपासाचं मात्र मला नवल वाटायला लागलं. दुपारपर्यंत भूक भांडते, तीनच्या पुढं गप बसते. ती गप बसली की बाकीचं सगळं ऐकू येतं, आपल्याच मनातलं कुजकं बोलणंसुद्धा. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तीन शुक्रवार मी शेवटची ओळ गाळून आमेन म्हटलं. चौथ्या शुक्रवारी आईनं जेवणाआधीचं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, ताटावर बसली अन् विचारलं, "यादी पुरी झाली?"

"एक राहिलंय."

"मग उपास कुठं सुटला? तू माझा धरलाय, म्हणजे माझा पण नाय सुटला." तिनं ताट बाजूला सारलं.

मला असा राग आला! तरी डोळे मिटले. 'प्रभू, ती बिडकीनची...' एवढं म्हटलं की पुढं शिवीच तोंडात यायची. किती वेळा सुरुवात केली, कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा आईच्या कपाळावर घाम होता अन् हात थरथरत होता. इंजेक्शन घेऊन जेवली नाय, म्हणून शुगर उतरली होती. मी साखर पुढं केली, तर तिनं ओठ घट्ट मिटले. तिचा हट्ट मला ठाऊक आहे. मी घाबरले. देवाशी बोलणं जमेना, म्हणून भावजयीलाच फोन लावला.

तिनं लगेच उचलला. "आईंनी खाल्लं का?" वर्षभरानं तिचा पहिला शब्द हा. "शुक्रवार आहे म्हणून विचारते."

"नाय अजून," मी म्हटलं. "माझ्यामुळं अडलंय."

"मग ठेवा फोन, ताई. आधी त्यांना खाऊ घाला. भांडण कुठं पळून जातंय?"

मी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"जेवा म्हणाली."

"आमेन," आई म्हणाली अन् साखरेसाठी हात पुढं केला. मग तिनं भाकरी मोडली अन् पहिला तुकडा मला दिला. दिवसभराची उपाशी मी, पण तो तुकडा हातातच धरून बसले. मी ज्या बाईला यादीतून गाळत होते, ती तिकडं शुक्रवार लक्षात ठेवून होती.

आईचं जेवण होईस्तोवर मी दम धरला. मग परत फोन लावला.