काकांचं खत

बोलता बोलता काका मध्येच वाकायचे. तुम्ही त्यांना लेकीच्या सोयरिकीची बातमी सांगत असा नाहीतर कुणाच्या मौतीची, त्यांची नजर तुमच्या चपलांच्या आसपास फिरत असायची. एकदम "थांबा बरं" म्हणून ते खाली जायचे आणि वर यायचे तेव्हा मुठीत मुळासकट उपटलेलं गाजरगवत असायचं. ते झटकून माती पाडायची आणि म्हणायचं, "फुलावर येऊ द्यायचं न्हाई. एकदा का फुलावर आलं, की मंग आपलं राज्य संपलं. हां, बोला तुमी."

आता त्यावर काय बोलणार?

मंठ्यात माझं औषधांचं दुकान आहे. गावात मला नावाने कमी आणि दुकानाने जास्त ओळखतात. काका तर रस्त्याच्या पलीकडून हाकच मारायचे, "ओ मेडिकल!" एसटीत ड्रायव्हर होते ते. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीतल्या शेवटच्या गल्लीत त्यांनी घर बांधलं. घर एवढंसं आणि बाग मोठी. दोन मोसंबीची झाडं, एक डाळिंब, कढीपत्ता, मोगरा आणि कुंपणाच्या कडेनं शेवंती. उभी हयात डांबर बघण्यात गेली, आता हिरवं बघायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. काकू त्यावर म्हणायच्या, "हिरवं कुठलं बघतेत? उपटूनच राह्यलेत सकाळपसून."

तणाची ओळख हा काकांचा आवडता विषय. तुमच्या अंगणात ते आले की पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी ओळख करून द्यायचे. "हा केना, आपला हाये. ही घोळ, भाजी होती हिची. आघाडा बी आपलाच, महालक्ष्म्यांना लागतो. ऱ्हाऊ द्या कडंला." मग आवाज बदलायचा. "हे मात्र भाईरून आलं अन् मालक होऊन बसलं. लहान असतंय तव्हा जमिनीला चिकटून बसतं, पानं गाजराची. लोकायला वाटतं शेवंतीचं रोप हाये. पाणी घालतेत! अन् मंग पांढरी फुलं आली की बसतेत खाजवत."

माझ्या समोरच्या घरातल्या वहिनींनी एकदा दारात प्लास्टिकचं मोठं टोपलं ठेवून त्यात पाणी भरलं आणि जांभळ्या फुलांची जलपर्णी सोडली. फारच शोभेची दिसत होती. काका बघून गेले आणि परत आले. "वहिनी, शहागडच्या पुलावरून गाडी नेताना पाह्यलंय मी. गोदावरीत पाणी दिसत न्हाई, निस्ती हीच. जिला नदी पुरंना, तिला तुमचं टोपलं काय पुरणार?" वहिनींना राग आला. पुढे टोपलंही दिसेनासं झालं, तेव्हा काकांनाच बोलावलं. त्यांनी ती जलपर्णी रस्त्यावर उन्हात पसरली आणि ती वाळून कडकडीत होईपर्यंत तिथून हलले नाहीत. वहिनींनी चहा दिला तोही उभ्यानेच घेतला.

आमच्या कॉलनीत घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त. मालक कुठे पुण्याला, कुठे जालन्याला. पाऊस झाला की हे प्लॉट कमरेइतक्या गाजरगवताने भरतात आणि लांबून शेतात मीठ सांडल्यासारखे दिसतात. तुमच्याही गावात असतीलच, आणि तुम्हीही नाकाला रुमाल लावून तिथून गेला असाल. काका रुमाल लावत नव्हते. ते आत शिरायचे आणि उघड्या हातांनी भारेच्या भारे उपटून आणायचे. हातमोजे मी दिले होते. दोन दिवस घातले आणि म्हणाले, "मुळाचा अंदाज येत न्हाई यात. गियर हातानं कळतो, मोज्यानं न्हाई कळत."

हे भारे जायचे त्यांच्या खताच्या खड्ड्यात. हा खड्डा म्हणजे काकांचा दुसरा अभिमान. पालापाचोळा, शेण, भाजीची देठं आणि वर हे गाजरगवत. थंडीत सकाळी त्यातून वाफ निघायची. ती दाखवून काका म्हणायचे, "बघा, आत चूल पेटली हाये. बी बिलकुल शिजून जातं. दुश्मनाचंच खत करून टाकायचं." आणि खत खरंच देखणं व्हायचं, काळंभोर आणि भुसभुशीत. दिवाळीच्या आत सगळी कॉलनी घमेली घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची, कारण तुळशीच्या लग्नाआधी कुंडीतली माती बदलायची असते. पैशाचं नाव काढलं तर काका रागवायचे. आमच्या गच्चीवरच्या तुळशीलाही तेच खत होतं.

मग त्यांचं अंग उठलं. आधी हात, मग मान, मग पापण्या. मी मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि एक दिवस सांगितलं की आता हे माझ्या काउंटरवर भागायचं नाही. जालन्याच्या चामडीच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर विचारलं, "गाजरगवत आहे का घराजवळ?" काका म्हणे हसले. डॉक्टर हसले नाहीत. हे हाताला लागूनच होतं असं नाही, ते म्हणाले, वाऱ्यानेही येतं, आणि आता छातीपर्यंत गेलंय. गाव सोडा. नाहीतर दम्याने बेजार व्हाल.

पुण्याची मुलगी त्याच आठवड्यात न्यायला आली. काका ऐकेनात. "इथून गेलो तर मी करू काय? तिथं काय हाये मला? एक साल दे. ह्या कॉलनीत ह्या गवताचं एक बी झाड ठिवणार न्हाई, मंग आपोआप बरा होतो." पोरगी रडत परत गेली. त्या दिवसापासून काका गाजरगवत उपटत होते ते आपल्या घरात राहायला मिळावं म्हणून. सरळ हिशेब होता त्यांचा, ते राहील नाहीतर मी राहीन.

त्या वर्षी कधी नव्हे ते त्यांनी प्लॉटचे प्लॉट साफ केले. मानेची कातडी वाळलेल्या मोसंबीच्या सालीसारखी झाली होती, खोकला थांबत नव्हता. तरी तुळशीच्या लग्नानंतर थोड्या दिवसांनी ते आमच्याकडे आले ते खुशीत होते. गच्चीवरून साफ झालेले प्लॉट बघायचे म्हणाले. जिन्यात दोनदा थांबले. वर आले, प्लॉट बघितले, आणि सवयीने नजर खाली गेली. आमच्या तुळशीच्या बुडाशी एक लहानसं रोप मातीला चिकटून बसलं होतं. पानं गाजराची.

"इथं कसं आलं हे?" काका म्हणाले. मग मला विचारलं, "माती कुठली ही?"

"तुमच्याच खड्ड्यातली, काका. सगळ्यांनीच नेली ना."

ते खाली बसले. बराच वेळ कुंडीतली माती बोटांनी चाळत होते. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. "कडंचं शिजलंच न्हाई," ते म्हणाले. "मधातलं शिजलं, कडंचं तसंच ऱ्हायलं. फुलासगट टाकीत ऱ्हायलो मी. अन् घरोघर वाटलं." माणसाचा चेहरा एका क्षणात पडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी बघितला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका घमेलं घेऊन निघाले. दर दिवाळीला लोक त्यांच्या दारात उभे राहायचे, तसे ते लोकांच्या दारात उभे राहिले. "खत वापस द्या. माती काढून घेतो, दुसरी भरून देतो." काही घरांनी हसून दिलं. बाकीच्या घरांत अडचण वेगळीच होती. खत होतं तुळशीत, आणि तुळशीचं लग्न होऊन गेलेलं. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "लगीन लागलेली तुळस उपटता व्हय? तुमच्या खाजेपायी? पाप लागंल, घरात सुना-लेकी हायेत माझ्या."

"आत्याबाई, मुळी हालू देत न्हाई. निस्ती माती घेतो."

"माती काय अन् मुळी काय. न्हाई म्हणलं ना."

काकांनी घमेलं उपडं करून बगलेत घेतलं आणि पुढच्या घरी गेले. तिथेही तेच. यात आत्याबाईंचा दोष काय सांगावा? माझ्या बायकोनेही त्यांना आमच्या तुळशीची माती काढू दिली नव्हती. मग काकांनी रोज सकाळी घरोघर जाऊन तुळशीतली रोपं तेवढी वेचायचं ठरवलं. सुरुवातीला बायकांनी चहा केला, पुढे दार उघडायला उशीर लागू लागला, आणि मग लोक आतूनच सांगायचे, "न्हाई उगवलं काही, काका."

उन्हाळ्यात त्यांनी शेवटचा उपाय काढला. एका सकाळी त्यांच्या दारात सिमेंटची पोती उतरली आणि झाडं तोडायचं मशीन घेऊन माणूस आला. मोसंबी फळावर होती. तो माणूससुद्धा म्हणाला, "साहेब, तोडा झाल्यावर पाडू." काका म्हणाले, "न्हाई. माती दिसली की बी पडतं. सगळं झाकून टाका, भिंतीपर्यंत." काकू आत स्वयंपाकघरात होत्या. मशीन बंद पडेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी हिरवी मोसंबी पिशवीत भरून आम्हाला आणून दिली. ती इतकी कडू होती की आमच्याकडे कुणी खाल्ली नाही.

सिमेंट वाळल्यावर काका त्यावर खुर्ची टाकून बसू लागले. मी जाता-येता विचारायचो, "कसं आहे?" ते म्हणायचे, "बराबर हाये. खोकला कमी हाये." आणि खरंच कमी होता. महिनाभर त्यांना आणि मलाही वाटलं की माणूस जिंकला. मग पाऊस पडला आणि कॉलनीतले प्लॉट पुन्हा पांढरे झाले. काकांच्या अंगात आता उपटायची ताकद नव्हती. वारा तिकडूनच येत होता. श्वास घेता येईना म्हणून त्यांना जालन्याला नेलं आणि तिथून मुलीने त्यांना आणि काकूंना परस्पर पुण्याला नेलं.

पुण्यात ते बरे झाले. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. सहाव्या मजल्यावर राहून त्यांची कातडी साफ झाली, खोकला गेला. फोनवर म्हणाले, "मेडिकल, हात लहान लेकरावानी झालेत बघा."

"मग या की आता."

"आलो की पुन्हा तेच. डॉक्टर न्हाई म्हणला." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्याकडं पाऊस कसा हाये?"

त्यानंतर फोनवर ते एवढंच विचारत, पाऊस कसा हाये. तणाचं कधी विचारलं नाही. थंडीत एका सकाळी ते तिथेच झोपेत गेले. अंगावर एक पुरळ नव्हता, मुलगी सांगत होती.

काकू परत आल्या. पुण्यात मन लागत नाही म्हणाल्या. मुलीने पुष्कळ समजावलं, पण त्यांनी ऐकलं नाही. आत्याबाई रोज भाकरी-कालवण घेऊन त्यांच्याकडे जातात.

परवा संध्याकाळी मी दुकान लवकर बंद करून त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेलो. काकू अंगणात होत्या. रबरी नळी हातात धरून त्या सिमेंटवर पाणी सोडत होत्या, सावकाश, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. जिथे मोसंबी होती तिथे जरा जास्त वेळ. मला बघून म्हणाल्या, "लई तापतं हो दिवसभर." मी गोळ्या खिडकीत ठेवल्या आणि नळ बंद करायला त्यांना सांगितलं नाही.