बधिर ओठ

आमचे हे गंगाखेडच्या मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव पुकारतात. आवाज असा, की ट्रॅक्टर चालू असला तरी भाव शेवटच्या ढिगापर्यंत ऐकू जायचा.

अक्कलदाढ ठणकायला लागली म्हणून परभणीला जाऊन काढून घेतली. भूल संध्याकाळपर्यंत उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दाढी करताना हनुवटी कापली, रक्त गळ्यापर्यंत आलं, तरी यांना कळलं नाही. तेव्हा मी घाबरले. खालचा ओठ उजवीकडून मेल्यासारखा झाला होता. चहा पिताना ओघळायचा. पुकारताना ‘पाच हजार पन्नास’ म्हणायचं तर ओठ जुळायचे नाहीत. कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून यांनी मोंढ्यात जाणं सोडलं.

डॉक्टर आधी म्हणाले, “होईल, वेळ लागतो.” महिने गेले. मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

मीच हट्ट धरला आणि आम्ही ग्राहक आयोगाकडे भरपाईची तक्रार केली. डॉक्टरांच्या वकिलांनी संमतीपत्रावरची यांची सही दाखवली. आयोगाच्या मॅडमनी डॉक्टरांनाच विचारलं, “धोका समजावून सांगितला होता का?”

डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, “दाढेचं मूळ नसेला टेकलेलं एक्सरेत दिसत होतं. हे घाबरतील, दाढ तशीच ठेवतील, म्हणून बोललो नाही.”

हे उठून उभे राहिले. “सांगितलं असतं तरी मी काढलीच असती, साहेब. ठणका लय होता. पर नंतर तरी सांगायचं ना, नस दुखावली म्हणून. मला वाटलं लकवा मारला.”

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर आमच्याकडे आले. “एकदा बघू का?” मला इतका राग आला, की मी तोंड फिरवलं. यांनी मात्र हनुवटी पुढे केली. डॉक्टरांनी बोटाने हळूच दाबलं.

“मुंग्या येतात?”

“कडंला येतात थोड्या.”

“मग नस जागी व्हायलीय. पूर्ण येईल असं मात्र आता सांगत नाही.”

“एवढंच सांगायचं होतं तुमी,” हे म्हणाले.

निकाल आमच्या बाजूने लागला. मागितली तेवढी भरपाई मिळाली नाही. ओठाच्या उजव्या बाजूचा मधला भाग आजही बधिर आहे. दिवाळीनंतर सोयाबीनची आवक वाढली, तेव्हा आडतदार स्वतः घरी येऊन यांना घेऊन गेले. मी मागून भाजी आणायच्या निमित्ताने मोंढ्यात गेले आणि पोत्यांच्या थप्पीआड उभी राहिले. हे सावकाश पुकारत होते, एकेक आकडा तोडून. व्यापारी थांबून ऐकत होते. कुणीही हसलं नाही.