खरवडलेल्या चेहऱ्यासाठी मात्सुमोतोला

नवऱ्याने नको म्हटलं, तरी शनिवारी मात्सुमोतोला निघालेच. तिथल्या एका छोट्या संग्रहालयात इटलीहून एक जुनी, रंगवलेली लाकडी फळी येणार होती आणि माझी पीएचडी तिच्यावरच अडलेली. इटलीला जायची ऐपत कुठली! इथल्या भूकंपात अणुभट्टी फुटल्यावर किरणोत्साराच्या धास्तीने सासूबाई आमच्या चार वर्षांच्या ईराला पुण्याला घेऊन गेल्या, त्याला आता दीड वर्ष होईल. 'फळी बघते, प्रबंध देते, लगेच येते' असं म्हणत मी इथे जपानमध्येच, हिगाशी-कसाईत राहिले.

शिंजुकूहून हायवे बस घ्या, ट्रेनपेक्षा बरीच स्वस्त पडते. शाकाहारी असाल तर डबा न्याच, कारण तिथला सोबा, म्हणजे नूडल्स, कितीही नावाजलेला असला तरी रस्सा माशाचा. मी धपाटे नेले होते.

बसमध्ये शेजारी बसलेल्या जपानी आजींनी कुठे निघालात विचारलं आणि मला काय, सांगायला निमित्तच हवं होतं. फळीवर इटलीतल्या एका गावच्या सरदाराचं चित्र आहे. हा मूळचा भाडोत्री सेनापती. गावातली दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठली, म्हणून लोकांनीच त्याला वर्षभरासाठी कारभार दिला. वर्षाची पाच झाली, मग तहहयात. एकदा तो शिकारीला गेला आणि गावाने मागे वेशीचे दरवाजे लावून घेतले. बिचारा परक्याच्या दारात मेला. बंडाच्या दिवशी लोकांनी चित्रातला चेहरा खरवडला, असं सगळे लिहितात. माझं म्हणणं, तो गादीवर असतानाच कोणीतरी येताजाता थोडाथोडा खरवडत होतं. ओरखड्यांच्या कडा कमीजास्त झिजल्यात का, हे भिंगातून पाहिलं असतं की कळलं असतं.

"नको होता तर तोंडावर सांगायचं," आजी म्हणाल्या. सांगणाऱ्याचं मुंडकं राहत नव्हतं हो, मी म्हटलं.

संग्रहालयाच्या दारावरच्या पोस्टरवर फळी होती, आतल्या पेटीत नुसता फोटो. तिथल्या बाईंनी चारचारदा वाकून माफी मागितली. किरणोत्सारामुळे फळी जपानला पाठवायला मालक घाबरतात, आता येणारच नाही म्हणाल्या. मी भडकलेच. इथे माणसं राहतात आणि यांना लाकडाची काळजी! मग आठवलं, पोरीला आम्हीही इथून पाठवलंच होतं. तरी फोटोला भिंग लावलं. छपाईचे ठिपके दिसले.

मात्सुमोतोचा किल्ला सुंदर आहे म्हणतात, जरूर बघा. मी स्टँडवरच बसून राहिले. या प्रवासाने काय दिलं म्हणाल, तर काही नाही. दीड वर्ष पाण्यात गेलं.

घरी येऊन सासूबाईंना फोन केला. सगळं सोडून येतेय म्हटलं, ईराला माझ्याजवळ घेते.

"ये गं, घर तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "पण आल्या आल्या तिला जवळ ओढू नकोस. आत्ता कुठे ती तुझी वाट बघायची थांबली आहे."