आत कोणी आहे का?

दारताई पहिल्यांदा मेली ती सातव्या मिनिटाला. मरताना तिने टीव्हीला अशी काही शिवी हासडली की धाकटा भाऊ हातातलं काम टाकून दुकानातून धावत आला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे तो लोकांचे टीव्ही आणि गेम दुरुस्त करायचा.

"काय झालं?"

"मेले."

"कशाने?"

"थंडीने! मी, आणि थंडीने! सव्वीस वर्षं वजा वीसमध्ये काढली आणि तुझ्या या डबड्यात सात मिनिटांत गारठून मेले. दात काय काढतोस? पुन्हा लाव."

भावाने पुन्हा लावून दिला. काय करतो बिचारा! बहिणीला 'राहू दे' म्हणण्याची हिंमत त्या घरात आजवर कोणी केली नव्हती.

तिचं खरं नाव कामावर कोणाला ठाऊक नव्हतं. एका मोठ्या कोल्ड स्टोरेजच्या दारावर ती होती, म्हणून दारताई. आत गोठवलेले मासे आणि मटार, बाहेर हातभर जाडीचं दार आणि दारापाशी ही बुटकी, ठसकेबाज बाई. तुम्ही म्हणाल, दार उघडायचं आणि लावायचं, यात काम ते काय? असं तिच्या तोंडावर म्हणून बघा. दार लागलं की आतले मोठे पंखे सुरू होतात, आणि मग आत राहिलेला माणूस तासाभराचा सोबती. म्हणून तिची पद्धत ठरलेली होती. दार लावण्याआधी उंबऱ्यावर उभं राहून तीनदा ओरडायचं, "आत कोणी आहे काऽऽ?" प्रत्येक हाकेनंतर दहा आकडे मोजायचे. मग चपलांच्या फळीकडे बघायचं, कारण आत जाणारा माणूस आपल्या चपला तिथे काढून जाड बूट घालतो. फळी रिकामी दिसली की मगच खटका पाडायचा. सव्वीस वर्षांत एकदाही चुकली नाही, आणि घाई करणाऱ्या साहेबांना तिने एकदाही भीक घातली नाही.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून यंत्र आलं. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येताना टेकवायचं, आत किती माणसं आहेत तो आकडा यंत्र दाखवणार. हाका बंद. "बाजार आहे का हा?" साहेब म्हणाले.

एका संध्याकाळी ताईची पाळी संपली. हातमोजे जमा करून, पिशवी घेऊन ती निघाली. दार पुढच्या पाळीच्या माणसाने लावलं होतं, यंत्रावर शून्य होतं, सगळं कसं छान होतं. सवयीने तिचं लक्ष फळीकडे गेलं. एक चपलांचा जोड तिथेच. मोठ्या मापाचा. लंब्याचा!

लंब्या हा मालाची खोकी लावणारा गडी. त्याने बाहेर येऊन कार्ड टेकवलं होतं, मग आत विसरलेली यादी आणायला कार्ड न टेकवताच परत गेला होता. यंत्राच्या लेखी तो घरी पोचला होता. ताईने खटका ओढला आणि होती तशी आत घुसली. लंब्या मटारच्या खोक्यांमागे निपचित पडला होता. त्या सहा फुटी धुडाला तिने कसंबसं ट्रॉलीवर लोटलं आणि लोखंडी दांडा उघड्या हातांनी धरून ओढत बाहेर आणलं. वजा वीसमध्ये लोखंड म्हणजे निखाराच, कातडीला चिकटतं. लंब्या वाचला. ताईच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं वरच्या पेरापासून गेली.

कंपनीने तिला काय द्यावं? एक पत्र दिलं. 'हातमोज्यांविना प्रवेश. नियमभंग.' हाताची तपासणी होऊन डॉक्टर लायक ठरवेपर्यंत घरी बसा, आणि बसून कंटाळा आला तर राजीनामा द्या, दार खुलं आहे. दाराचा हा विनोद ताईला अजिबात आवडला नाही.

हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला होता. तिसऱ्या दिवशी तिने तो खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय लहान बाळ आहे?" तेव्हा भावाने एक गेम आणून दिला. कोणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलं होतं. बर्फात अडकलेल्या जहाजावरून उतरलेला एक माणूस, एकटा. लाकडं गोळा करायची, काड्या पेटवायच्या, मासे धरायचे, जगायचं. मेलात की सगळं पुसलं जातं आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात. कंट्रोलरची दोन बटणं नेमकी उजव्या हाताच्या त्या दोन बोटांखाली यायची. कुऱ्हाड एकावर, काडी दुसऱ्यावर.

पहिला आठवडा नुसता मरण्यात गेला. थोटकं बोट बटणावर पडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. काडी ओढायला उशीर व्हायचा, शेकोटी विझायची, माणूस आडवा. भावजय स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कितीदा?" "अकरा," ताई सांगायची, "आणि अजून चहा व्हायचाय." भावजयीला वाईट वाटायचं. एकदा ती म्हणालीच, "ताई, सोडा ना आता. कशाला जिवाला त्रास? आहोत ना आम्ही."

"तुम्ही आहात, ते कळतं गं मला," ताई म्हणाली. "पण मी अजून आहे का, ते बघतेय."

हळूहळू बोटं ऐकायला लागली. गेममधला दुसरा दिवस दिसला, मग पाचवा, मग बारावा. खेळायची रीत मात्र तिची स्वतःचीच. बर्फातल्या एखाद्या झोपडीत शिरली, सामान घेतलं, की निघताना टीव्हीकडे तोंड करून खच्चून ओरडायची, "आत कोणी आहे काऽऽ?" तीनदा. दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

"अगं ताई, त्या गेममध्ये दुसरा माणूसच नाही," भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला.

"ते तुझं यंत्र सांगतंय ना? मग मी विचारणार."

एकोणिसाव्या दिवशी मात्र ती अशी मेली की तिलाही उमजेना. पोट भरलेलं, कपडे कोरडे, पडद्यावरच्या कोपऱ्यात पारा वजा वीस. वजा वीस म्हणजे तर माहेर! ती ऐटीत झोपडीबाहेर पडली, मैदान ओलांडायला निघाली आणि अर्ध्या वाटेत कोसळली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा सोळाव्या दिवशी तेच, आणि मग एकविसाव्या दिवशीही तेच.

अशातच लंब्या भेटायला आला. तो दर रविवारी यायचा, हातात फळांची पिशवी आणि नजर जमिनीवर. ताईने त्यालाही सोडलं नाही, समोर बसवून दाखवलं. "बघ, पारा तोच. तरी मरते. गेम बिघडलाय."

लंब्या पडद्यावरचा आडवा उडणारा बर्फ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, हा वारा आहे."

"मग?"

"तुम्ही आत येता तेव्हा दार उघडं असतं, पंखे बंद असतात. तुम्ही नुसती थंडी पाहिलीय. पंखे चालू असताना आत मी होतो. वारा मला विचारा." त्याने पडद्यावरच्या मैदानाकडे बोट दाखवलं. "पारा बघायचा नाही. पाठ टेकायला आधी काहीतरी शोधायचं. मी मटारच्या खोक्यांमागे बसलो, म्हणून तुम्ही येईपर्यंत होतो."

सव्वीस वर्षांत थंडीबद्दल तिला काही शिकवायची कोणाची टाप झाली नव्हती. ती थोडी सरकली आणि कंट्रोलर त्याच्या हातात न देता म्हणाली, "शेजारी बस आणि सांग. कुठे दडू?"

तिथून पुढे गाडी लागली रुळावर. खडकाआडून, झाडाआडून, वाऱ्याकडे पाठ करून तिचा माणूस चालायला लागला. पण त्या रविवारी जाताना लंब्याने जे सांगितलं ते तिच्या मनातून जाईना. दारावर आता नवा माणूस होता. चांगला होता, पण हाक मारत नव्हता. यंत्रावर शून्य आलं की खटका. "ताई, मी रोज आत जातो," लंब्या म्हणाला, "आणि रोज चपला फळीवर काढून ठेवतो, पण त्या बघायला दाराशी कोण आहे?"

आता सांगा, अशा बाईने राजीनामा द्यायचा?

तपासणीच्या दिवशी तिचा माणूस सत्तराव्या दिवसावर जिवंत होता. कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर भोकांची फळी ठेवली. पंचवीस खुंट्या, एक मिनिट, फक्त उजवा हात. बाजूला कंपनीचे साहेब घड्याळ बघत उभे. ताईने एकेक खुंटी उचलली. थोटकी बोटं कळवळत होती, पण कळवळत का होईना, चालत होती. एक खुंटी निसटून जमिनीवर पडली. ती शांतपणे वाकली, उचलली, लावली. बावन्न सेकंद. डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "घरी काय करत होतात हो तुम्ही?"

"मरत होते," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी 'लायक' लिहून सही ठोकली. साहेब ताईला आपल्या खोलीत घेऊन गेले, खुर्ची दिली, गोड बोलले. ताईने तेव्हाच ओळखलं की काहीतरी शिजतंय. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "छोटीशी औपचारिकता. सही करा आणि उद्यापासून दारावर या."

ताईने चष्मा लावून वाचलं. 'सदर इजा माझ्या निष्काळजीपणामुळे झाली. हातमोज्यांविना प्रवेश करणे ही माझी चूक होती. कार्डयंत्रणेत कोणताही दोष नव्हता.'

चार महिने तिने याच दाराची वाट पाहिली होती. एक सही, की दार तिचं. घरी भाऊ आणि भावजय डोळे लावून बसले असतील. कर सही आणि हो मोकळी, असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण मग उद्या लंब्याच्या तोंडाकडे कुठल्या तोंडाने बघायचं? आणि परवा कोणी आत राहिला, तर हाच कागद दाखवून म्हणणार, यंत्रात दोष नाही, बाईने स्वतः लिहून दिलंय!

तिने पेन उचललं, तीन ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली, थोटक्या बोटांनी, मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'यंत्रावर शून्य होतं आणि आत माणूस होता. हातमोजे शोधत बसले असते तर तो मेला असता. पुन्हा असं झालं तर मी पुन्हा अशीच जाईन.' खाली सही, तारीख.

साहेब लाल झाले. "ताई, अशाने तुम्हाला कामावर घेता येणार नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि उठली. पण फाटकाकडे नाही, सरळ कोल्ड स्टोरेजकडे. साहेब मागोमाग.

पाळी सुटत होती. नवा माणूस खटक्याला हात घालून उभा होता. यंत्रावर शून्य. ताईने त्याला नुसत्या कोपराने बाजूला केलं, उंबऱ्यावर उभी राहिली आणि छातीत भरून घेतलेला श्वास सोडून ओरडली, "आत कोणी आहे काऽऽ?"

"शून्य आहे तिथे!" साहेब ओरडले. "दिसत नाही का?"

ती मोठ्याने दहा मोजत होती. दुसरी हाक. घरी निघालेले गडी एकेक करून थांबले. लंब्याही थांबला. तिसरी हाक. आठ, नऊ, दहा. आतून काहीच आवाज आला नाही. तिने फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

मग तिने उजव्या हाताने, त्याच हाताने, दार ओढलं आणि खटका पाडला. बोटांतून कळ डोक्यात गेली. चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

"आज यंत्र बरोबर निघालं," ती साहेबांना म्हणाली. "उद्याचं उद्या विचारू. सकाळी सातला येते मी."

"मी तुम्हाला घेतलेलं नाही."

"डॉक्टरांची सही आहे, माझी आहे. आता नको म्हणायचं असेल तर तुम्ही लिहून द्या, की हाका मारते म्हणून ही बाई दारावर नको. आणि खाली तुमची सही करा."

लंब्याने वरच्या खिशातलं पेन काढलं आणि साहेबांपुढे धरलं. साहेबांनी पेनाकडे पाहिलं, मग भोवती थांबलेल्या गड्यांकडे पाहिलं. पेन काही त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फळीवरच्या पहिल्या खणात एक लहान मापाचा चपलांचा जोड होता.