कुत्र्यांचे वकील नानासाहेब

कोर्टात केसेस तुंबतात म्हणून लोक ओरड करतात. अहो, किस्से किती तुंबतात ते कुणी बघतच नाही! केस आज ना उद्या निकाली निघते. किस्सा मात्र बाररूममध्ये एकदा येऊन बसला की बसला. चहाचा कप दिसला की पुन्हा वर येतो. माझ्याकडे तर नुसते कुत्र्यांचेच इतके साठलेत, की घरात आता ही म्हणते, "कुत्रं सोडून दुसरं काही सांगणार असाल तरच चहा टाकते!"

सन पंचावन्न-साठच्या सुमाराला मी महाडच्या कोर्टात नानासाहेबांचा ज्युनिअर होतो. नानासाहेब म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. जमिनीचे दावे, कुळकायदा, सगळं चालवायचे, पण नाव झालं ते कुत्र्यांमुळे. कुणाचा कुत्रा शेजाऱ्याला चावला की कुत्र्याचा मालक धावत नानासाहेबांकडे! बाकीचे वकील त्यांना पाठीमागे 'कुत्र्यांचे वकील' म्हणायचे. नानासाहेबांना ते ठाऊक होतं. "माझे अशील निदान भुंकतात तरी. तुमचे तर पिंजऱ्यात तोंडच उघडत नाहीत," असं सुनवायचे.

त्यांचं हत्यार एकच. कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल आणि तरी त्यानं तो मोकळा सोडला असेल, तर मालक जबाबदार. ठाऊकच नसेल तर? सुटला! त्यामुळे नानासाहेबांचा प्रत्येक अशील एकच वाक्य घोकून यायचा, "साहेब, त्याचा असा सभाव हाय ह्ये मला ठावंच नव्हतं."

कोर्ट सुटलं की आम्ही नानासाहेबांच्या ओटीवर. तिथं शेजारचे आप्पा यायचे. आप्पा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. नानासाहेबांना मोतीबिंदू झालेला. मुंबईचा पेपर संध्याकाळच्या एस.टी.नं यायचा आणि आप्पा तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे, अग्रलेखापासून हरवले-सापडलेपर्यंत. नानासाहेबांची बायको, आमच्या वहिनी, गेल्यापासून त्या घरात सोबत अशी एक आप्पांची, आणि दुसरी राजाची. राजा म्हणजे कुत्रा. आप्पा एखाद्या दिवशी आले नाहीत तर नानासाहेबांना जेवण जात नसे. मी डोळ्यांनी बघितलंय.

मी त्या ओटीवर कुत्र्याची केस रंगवून सांगितली की नानासाहेब मांडीवर थाप मारून हसायचे. आप्पा चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "ते सगळं ठीक आहे हो. पण चावलेल्याचं काय?"

*

पोलादपूरकडचा एक शेतकरी होता, रामा. त्याचा वाघ्या शेजाऱ्याला चावला. आता गावाकडे कुत्र्याचं कसं असतं बघा. डुक्कर पिटाळलं की तो सगळ्या वाडीचा, आणि माणूस चावला की कुणाचाच नाही! रामा तर घोकलेल्या वाक्याच्याही पुढे गेला, कोर्टात शपथेवर म्हणाला, "कुत्रा माजा नाय साहेब. पडवीत निजतो येवढंच."

"खातो कुठं?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"जो देईल त्याच्याकडं. या फिर्यादीच्या घरीबी खातो की!"

फिर्यादीनं मान खाली घातली. नाही म्हणता येईना. मालकीच शाबीत होईना, तेव्हा रामा सुटला. नानासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आणि रामा कोर्टाच्या दारातच ओरडला, "चल रं वाघ्या, घरला!"

बाहेर आंब्याखालून एक तांबडा कुत्रा शेपूट हलवत उठला. मॅजिस्ट्रेटनी वर बघितलं. "काय रे? कुत्रा तुझा नाही ना?"

रामा हात जोडून म्हणाला, "नाय साहेब. पन येवढ्या लांब माज्यामागं चालत आलाय, टाकून कसा जाऊ?"

*

नाते गावाला एक जण मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर यायचा. बोलण्यात निम्मं हिंदी. त्यानं मुंबईला कुठल्याशा बंगल्यावर पाटी बघितली आणि इथं येऊन आपल्या कौलारू घराला तशीच ठोकली, 'कुत्र्यापासून सावध रहा.' गावात एवढा मान! लोक पाटी बघायला यायचे. बघायला आलेल्यांतल्याच एकाला कुत्रा चावला.

नानासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ही पाटी नव्हे, कबुलीजबाब आहे! कुत्रा चावरा आहे हे तुला ठाऊक होतं, असं तूच दारावर लिहून ठेवलंयस!"

"मंग करू काय?"

"काढ आधी ती!"

ती केस निभावली कशीबशी. पण पठ्ठ्याला पाटीवाचून चैन पडेना. पुढच्या सुट्टीत त्यानं नवी लावली, 'कुत्रा गरीब आहे.' आठवडाभरात पोस्टमनला चावला. पोस्टमन कोर्टात म्हणाला, "साहेब, मी एरवी लांबूनच हाक मारतो. त्या दिवशी पाटी वाचून आत गेलो!"

नानासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तडजोड सुचवली. नातेकर म्हणाला, "क्या बोलता साहेब! पाटी लावली तरी वांधा, बदलली तरी वांधा. आता लिवू तरी काय?"

"काही लिहू नकोस," नानासाहेब म्हणाले. "कुत्रं बांध!"

हे ऐकून आप्पा त्या संध्याकाळी भलतेच खूश झाले. "नाना, जन्मात एकदा शहाणपणाचं बोललात," म्हणाले. राजा तेव्हा आप्पांच्याच पायाशी मोकळा झोपला होता.

*

आता विहिरींचा. आपल्याकडे कुत्रा चावला की सात विहिरींत डोकवायची रीत. दवाखाना नंतर, विहिरी आधी! दासगावजवळच्या एका वाडीत सखाराम नावाचा आडदांड गडी होता. त्याला शेजारच्या भिकूचा कुत्रा चावला. सखाराम निघाला डोकवायला. सहा विहिरी ठीक पार पडल्या. सातवीत जरा जास्तच डोकावला आणि गेला आत!

दोर टाकून काढला. तर त्यानं भिकूवर दावा ठोकला. कुत्र्याच्या चाव्याचा नव्हे, विहिरीत पडून पाय मोडल्याचा. म्हणे कुत्रा चावला नसता तर डोकावलो नसतो, आणि डोकावलो नसतो तर पडलो नसतो!

नानासाहेबांनी भिकूतर्फे असं काही भाषण केलं की बाररूम रिकामी होऊन सगळे कोर्टात. "साहेब, कुत्र्याच्या जबाबदारीला काही हद्द आहे की नाही? कुत्रा पोटरीला चावला. विहिरीत त्यानं ढकललं नाही. फार तर सहाव्या विहिरीपर्यंत आम्ही कुत्र्याला जबाबदार धरू. सातवीला फिर्यादी स्वतःच्या वजनानं पडला!"

न्यायाधीशही गालात हसले. केस जिंकल्यात जमा. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "ही सातवी विहीर कुणाची?"

भिकूनं डोकं खाजवलं. "माजीच हाय साहेब. वाडीत बाकी सहाच होत्या, म्हनून सातवीला आमच्या हिरीत आला."

"कठडा आहे?"

"बांधायचा हाय."

झालं! कुत्र्यानं सोडलं आणि विहिरीनं धरलं. आप्पांनी त्या दिवशी खुशीत पेपरही उघडला नाही. "चावलेल्याला न्याय मिळाला म्हणायचा," असं चारदा म्हणून घरी गेले.

*

आणि मग राजा आप्पांना चावला.

चूक कुणाची म्हणाल तर पेपरची. तांदळाचे भाव वाढल्याची बातमी होती. आप्पांनी वाचता वाचता संतापून पाय आपटला तो नेमका राजाच्या शेपटीवर! राजा केकाटला आणि त्यानं आप्पांच्या डाव्या पोटरीत दात रोवले. मी उडालोच. आप्पा "अगं आई गं" म्हणून खाली बसले.

नानासाहेब खुर्चीतून ताडकन उठले. आणि तोंडातून काय निघावं? "आप्पा, राजाचा असा स्वभाव आहे हे मला ठाऊक नव्हतं हो!"

इतक्या वर्षांची जीभ! दुसरं वाक्य तिला येतच नव्हतं.

आप्पा पोटरी धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "नाना, मी फिर्यादी नाही. लागलं का, एवढं तरी विचारायचं होतंत." उपरणं पोटरीला गुंडाळलं आणि लंगडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये दिवाळी! कुत्र्यांच्या वकिलाच्या कुत्र्यानं शेजाऱ्याला चावा घेतला म्हटल्यावर आप्पांची नोटीस लिहायला जो तो पुढे. आप्पांनी एकाकडून धाडलीही. मागणी एकच, लेखी माफी. नानासाहेबांनी मला उत्तर सांगितलं, "कुत्रा आमचा असल्याचं कबूल. बाकी मजकूर नाकबूल."

"अहो नानासाहेब, आप्पा आहेत ते," मी म्हणालो.

"म्हणून तर कुत्रा कबूल केला," नानासाहेब म्हणाले. मग घडी न मोडलेल्या पेपरावर हात ठेवून तसेच बसून राहिले. खानावळीतून ताट आलं तसं परत गेलं.

*

आता सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काय करून ठेवलं ते ऐका. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची म्हटल्यावर आप्पांनी तिथंच अंग टाकलं. सगळी शाळा ज्यांना टरकायची ते हेडमास्तर सुईला असे भ्यायचे! डॉक्टर म्हणाले, "बरं, कुत्रा पाळीव आहे. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. तो धडधाकट राहिला तर सुई नको. पण नजर रोज हवी!"

झाली का पंचाईत? भांडण नानासाहेबांशी, आणि जीव अडकला राजात!

संध्याकाळी आप्पा आले. नानासाहेबांकडे पाठ करून बाकावर बसले आणि राजाकडे टक लावून बघू लागले. नानासाहेब खुर्चीत डोळे मिटून. मध्ये मी. असा तास गेला. जाताना आप्पा म्हणाले, "राजा, पाणी पीत जा. तुला काही झालं तर माझ्या पोटाचं खरं नाही."

दुसऱ्या दिवशी राजानं भाकरी हुंगून सोडून दिली. आप्पांना घाम फुटला! घरी जाऊन दूधभात घेऊन आले. राजानं तो चाटूनपुसून खाल्ला. मग काय, रोज दूधभात. राजा इतका माजला की भाकरीकडे बघेना. नानासाहेब मला म्हणाले, "वकील, फिर्यादीला सांगा, कुत्रा बिघडवल्याबद्दल मी उलट दावा लावीन."

आप्पा राजाला म्हणाले, "राजा, तुझ्या मालकाला सांग, खुशाल लाव!"

आणि एके दिवशी बसून बसून कंटाळले, तेव्हा आप्पांनी बाकावरचा पेपर उचलला. "राजा, ऐक," म्हणाले, आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. पहिल्या पानापासून! कोर्टाच्या रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. हेडमास्तर कुत्र्याला बातम्या सांगतायत, आणि कुत्रा पोट वर करून पडलाय! खुर्चीतले नानासाहेब हलायचे नाहीत. फक्त एकदा आप्पांनी पान उलटलं तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "राजा, अग्रलेख राहिला म्हणावं."

आप्पांनी पान मागं उलटलं आणि अग्रलेख वाचला.

त्या दिवसापासून नानासाहेबांचं ताट रिकामं परत जायला लागलं. मला वाटलं, आता बोलतील. पण दोघंही इरसाल! एक माफीवाचून बोलेना, दुसऱ्याला नाकबूल सोडवेना.

असा दहावा दिवस उजाडला. डॉक्टरांनी स्वतः येऊन राजाचं तोंड, डोळे बघितले. "ठणठणीत आहे. आप्पा, सुटलात! आता यायची गरज नाही," असं म्हणून सायकलवर बसून गेले.

आप्पांनी त्या दिवशी पेपर अगदी सावकाश वाचला. बाजारभाव वाचले, हरवले-सापडले वाचलं, शेवटी खाली छापखान्याचा पत्ताही वाचला. मग घडी घातली. उठले. "राजा, येतो बरं का. उद्यापासून काही काम नाही इथं," म्हणाले आणि पायरीपर्यंत गेले. वहाणा पायात चढवायला त्यांना किती वेळ लागत होता!

नानासाहेबांनी डोळे उघडले.

"राजा," ते म्हणाले, "बघत काय बसलायस? चाव रे त्यांना अजून एकदा!"

आप्पा पायरीवर थांबले. मागं वळले. वहाणा काढल्या, पुन्हा बाकावर येऊन बसले आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन उजवा पाय राजापुढे केला.

"हा घे. हा अजून कोरा आहे."